‘काही लागलं तर सांगा’: एका घरातल्या मदतीचं प्रकरण

या घरात प्रेमाची वानवा नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण अशी प्रकरणं वाचताना आपण चटकन कुणाला तरी दोषी ठरवून मोकळे होतो. दूरदेशी गेलेला मुलगा, नाहीतर आपल्या संसारात रमलेली मुलगी. इथे तसं कुणी नव्हतं. तिन्ही मुलांचा आईवडिलांवर जीव होता, शेजारीपाजारी भले होते, आणि तरीही सत्तरी ओलांडलेली एक बाई दोन-अडीच वर्षांत पार खचली. माणसं असून, मनात असून मदत पोहोचली का नाही, याचा हा अभ्यास. ओळख पटू नये म्हणून घरातले काही तपशील बदलले आहेत.

घर

काका ७८ वर्षांचे, निवृत्त अभियंते. काकू ७२ च्या. आयुष्यभर हिशेबखात्यात नोकरी केलेली, आकड्यांना पक्क्या. थोरली मुलगी त्याच शहरात, तासाभराच्या अंतरावर. तिची नोकरी आणि शाळेत जाणारी दोन मुलं. मधला मुलगा दुसऱ्या देशात. धाकटी मुलगी शिक्षिका, रात्रभराच्या प्रवासावर. काकांना अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, असल्याचं निदान होऊन तीन वर्षं झाली होती. सुरुवात बहुतेक घरांत होते तशीच: तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, एकच बिल दोनदा भरणं, मग एक दिवस रोजच्या चौकात उभं राहून घर कुठल्या बाजूला तेच न आठवणं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख माणसांना स्मृतिभ्रंश होता. त्यांच्या सांभाळाच्या खर्चाचा जवळपास निम्मा भाग हा घरच्यांच्या बिनपगारी कष्टांचा असतो, आणि ही घरची माणसं दिवसाला सरासरी ५ तास देतात, असंही संघटना सांगते. काकूंचे ते ५ तास सकाळी सातलाच भरायचे, कारण त्यांचा दिवस रात्री दोनला सुरू व्हायचा.

दोनच्या सुमारास काका उठत, पायात बूट घालत आणि ऑफिसला निघत. आतून कुलूप घातलं की चिडून दार बडवत. म्हणून काकूंनी युक्ती काढली होती: दाराला खुर्ची टेकवून ठेवायची आणि खुर्चीच्या अगदी कडेला स्टीलचं पातेलं. खुर्ची हलली की पातेलं खणकन खाली, आणि काकू जाग्या. मग बूट काढा म्हणायचं नाही. “अहो, तुम्ही रिटायर झालात” असंही म्हणायचं नाही, त्यावरून वाद होतो. “गाडी यायला अजून वेळ आहे, तोवर जरा टेका” एवढंच म्हणायचं. पंधरा-वीस मिनिटांत काका बुटांसकट झोपी जात. रुग्णाची चूक दुरुस्त करत बसू नका, त्याच्या मनातल्या घालमेलीला उत्तर द्या, असं काळजीवाहकांच्या प्रशिक्षणात शिकवतात. या बाईंना ते कुणी शिकवलं नव्हतं.

आणि हे मुलांना ठाऊक नव्हतं. म्हणजे बाबा रात्री उठतात एवढं माहीत होतं. खुर्ची आणि पातेलं माहीत नव्हतं. दर रविवारी तिघांचेही फोन येत आणि प्रत्येक फोन संपताना तेच वाक्य: “काही लागलं तर सांग हं, आई.” जिन्यात भेटलेले शेजारी म्हणत, “काही लागलं तर सांगा, काकू. संकोच करू नका.” काकू दोन्हीकडे “हो हो, नक्की” म्हणत.

जिन्यात

एका सकाळी काकू जिन्यात चक्कर येऊन पडल्या. हाड मोडलं नाही, पण रक्तदाब इतका चढला होता की रुग्णालयात ठेवून घ्यावं लागलं. चौकशीत निघालं की त्यांच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन महिन्यांपूर्वीच संपल्या होत्या. चिठ्ठी जुनी झालेली, नवीन आणायची तर डॉक्टरांकडे जायला हवं, आणि तिथे रांगेत बसायचं तर काकांना कुणाकडे ठेवायचं? काकांच्या गोळ्या मात्र एकदाही चुकल्या नव्हत्या.

तिन्ही मुलं धावून आली. मुलगा मिळेल त्या विमानाने आला. प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळी आईला एकच प्रश्न विचारला: “तू सांगितलं का नाहीस?” काकूंचं उत्तर थोरलीने मला नंतर सांगितलं. “काय सांगायचं होतं? रोजचंच तर होतं सगळं.”

माझ्या मते प्रकरणाची गाठ इथेच आहे. ‘लागलं तर’ म्हणताना ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी मोठं असतं, दवाखाना, अपघात. आणि लागत असतं ते रोजचं, सांगण्यासारखं नसलेलं. शिवाय सांगायचं म्हणजे आधी ठरवायचं: काय मागावं, कुणाकडे मागावं, त्याला जमेल का, नाही म्हणाला तर आपल्याला वाईट वाटेल का, हो म्हणाला आणि मनातून कुरकुरला तर? मदत देऊ करणाऱ्याने एक वाक्य बोलून स्वतःचं मन हलकं केलं, आणि हे पाच निर्णय घेण्याचं काम आधीच दमलेल्या माणसाच्या गळ्यात घातलं.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी या कुटुंबाला माझ्याकडे पाठवलं. अशा घरांशी बोलणं हे माझं काम.

काकूंची वही

काळजीवाहकावर किती भार आहे हे मोजण्यासाठी स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एक प्रश्नावली तयार केली. आज तिचं २२ प्रश्नांचं रूप सर्रास वापरलं जातं. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, एकूण ८८. काकूंना मी ते प्रश्न एकेक करून विचारले. ‘आपल्या माणसासाठी आपण आणखी करायला हवं असं वाटतं का?’ यावर त्या म्हणाल्या, “नेहमी.” पूर्ण चार गुण. शेवटचा प्रश्न एकंदर भार किती वाटतो असा असतो. “भार कसला? थोडंफार असतंच.” एक गुण. बाकीच्या वीस उत्तरांची बेरीज मात्र त्यांचं ऐकणारी नव्हती. आकडा मध्यम ते तीव्र या पट्ट्याच्या वरच्या टोकाला जाऊन टेकला.

हा नुसता मनाचा मामला नव्हे, हे घरच्यांना पटवून देणं गरजेचं होतं. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांचा १९९९ चा अभ्यास मी मुलांपुढे ठेवला. ६६ वर्षांच्या पुढच्या, जोडीदारासोबत राहणाऱ्या माणसांना त्यांनी चार वर्षं पाहिलं. आजारी जोडीदाराचं करताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांना मृत्यूचा धोका असं काही करावं न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त होता. जे करत होते पण ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात असा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे सेवा माणसाला खात नाही, ताण खातो. दुसरा अभ्यास जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांचा, १९९५ चा. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाचं करणाऱ्या १३ बायका आणि तुलनेसाठी तेवढ्याच दुसऱ्या. सर्वांच्या त्वचेवर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली. काळजीवाहक बायकांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. अभ्यास छोटा आहे, पण मुलगा त्यावर जितका गप्प झाला तितका ६३ टक्क्यांवर झाला नव्हता.

मी काकूंना दिवसभरातली कामं लिहायला सांगितली. पहिल्या कागदावर सात-आठ ओळी: अंघोळ, गोळ्या, जेवण, फिरवून आणणं, कपडे वगैरे. हिशेबखात्यातली बाई, म्हणून म्हटलं, “काकू, ही तर नुसती ठळक खाती झाली. रोजकीर्द लिहा.” तो टोमणा लागू पडला. पुढच्या भेटीला त्या रेघा मारलेली वही घेऊन आल्या. वेळ, काम, किती मिनिटं. त्यात ‘चष्मा शोधणे’ दिवसातून चार वेळा. ‘गॅसचं बटण बघणे’ अकरा वेळा. ‘हे बाथरूममध्ये, मी दाराशी’ एकूण पन्नास मिनिटं. पानाच्या तळाशी वेगळ्या शाईत: ‘लक्ष असणे: बाकी सगळा वेळ.’

ही शेवटची नोंद फार मोलाची. घरातल्या कामाचं माप आपण हात किती हलले यावर काढतो. खुर्चीवर बसलेली बाई आरामात दिसते. तिचा कान दुसऱ्या खोलीतल्या पावलांवर आहे हे दिसत नाही.

कोणाचा वाटा किती

मग तिघा मुलांना वेगवेगळं विचारलं: आईबाबांच्या सांभाळात तुमचा वाटा शंभरातला किती? थोरली म्हणाली ४०. मुलगा, बराच विचार करून, ३०. धाकटी २५. बेरीज ९५. चोवीस तास घरात असणाऱ्या आईला उरले ५.

काकू आधी आकडा सांगायलाच तयार नव्हत्या, मग “अर्धं तरी माझं असेल” म्हणाल्या. एकूण १४५. यात कुणी खोटं बोलत नव्हतं. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना घरकामातला आपापला वाटा विचारला, तेव्हाही बेरीज शंभराच्या वर गेली होती. गंमत म्हणजे भांडण उकरून काढण्यासारख्या वाईट गोष्टींतही लोकांनी स्वतःचाच वाटा जास्त सांगितला. तेव्हा फुशारकी हे कारण पुरत नाही. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपण पाहिलेलंच नसतं. थोरलीला ऑफिसातून थेट दवाखान्यात पोहोचलेल्या सगळ्या संध्याकाळी आठवत होत्या. मुलाला पाठवलेला प्रत्येक पैसा. धाकटीला शाळेच्या सुट्ट्या, ज्या तिने इथे काढल्या.

दुसरी गोष्ट कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सापडली. निदान झाल्यापासूनचे निरोप थोरलीने मला दाखवले. आईने कधीकाळी लिहिलेलं, ‘आज ह्यांनी जेवण टाकलं, जरा काळजी वाटते.’ खाली दोन जोडलेले हात आणि धाकटीचं ‘काळजी घे गं’. फोन कुणीच केला नव्हता. बिब लाताने आणि जॉन डार्ली यांचा १९६८ चा प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो: पलीकडच्या खोलीत कुणाला तरी झटका आल्याचं इंटरकॉमवर ऐकू येतं. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के मदतीला उठले; आणखी चौघं ऐकत आहेत असं वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्के. तो प्रयोग अनोळखी माणसांचा होता, सख्ख्या भावंडांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी ग्रुपवर टाकलेला निरोप सगळ्यांचा होतो आणि म्हणून कुणाचाच राहत नाही, हे त्या जोडलेल्या हातांमध्ये दिसत होतं.

बैठक

न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराचं करणाऱ्या ४०६ जणांबरोबर अनेक वर्षं काम केलं. साचा साधा: काळजीवाहकाशी दोन भेटी एकट्याने, चार भेटी कुटुंबासह, मग आधारगट आणि लागेल तेव्हा फोन. २००६ मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांनुसार ज्यांना हा आधार मिळाला त्यांच्या माणसाला शुश्रूषागृहात हलवण्याची वेळ सुमारे ५५७ दिवसांनी पुढे गेली. मी या घरापुरता तोच साचा धरला. सहातल्या चार भेटी कुटुंबाबरोबर आहेत हे मला नेहमी बोलकं वाटतं. दमलेल्या माणसाला ‘स्वतःकडे लक्ष द्या’ म्हणणं सोपं असतं; त्यासाठी जागा आजूबाजूच्यांनी करून द्यावी लागते.

पहिली बैठक भांडणातच गेली, आणि ती जाऊ द्यावी लागली. मुलगा पडद्यावर, बाकीचे खोलीत, काकू मध्ये. मुलगा म्हणाला, पूर्णवेळ माणूस ठेवू, पैसे मी देतो. थोरली फाडकन म्हणाली, “अरे, पैशाने रात्र निघत नाही.” तो म्हणाला, “मग काय करू, नोकरी सोडून येऊ? सांग ना तूच.” धाकटीने वीस वर्षांपूर्वीचा विषय काढला, कुणाच्या शिक्षणासाठी काय मोडलं होतं त्याचा. काकू उठून काकांना बघायला गेल्या, खरं तर ते शांत झोपले होते.

परत आल्या त्या वही घेऊन. म्हणाल्या, “तुमचं झालं असेल तर हे वाचा.” थोरलीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. अकरा वेळा गॅसचं बटण. खुर्ची, पातेलं, दोन वाजून दहा मिनिटं. पुन्हा तीन चाळीस. दुसऱ्या पानावर तिचा आवाज बसला आणि वही धाकटीने घेतली.

यानंतर नियम ठरला, आणि या प्रकरणातली माझी खरी भर एवढीच: या घरात ‘काही लागलं तर’ म्हणायचं नाही. काम, वार आणि वेळ सांगता येत असेल तर बोलायचं. वहीतल्या ओळी वाचायच्या आणि ज्याला जी पेलेल ती त्याने उचलायची. समसमान वाटणीचा आग्रह मी मोडून काढला. भावंडांत समानता मोजायला बसलं की हिशेब बालपणापर्यंत मागे जातो.

थोरलीने मंगळवार आणि शुक्रवारची दुपार घेतली, त्यासाठी ऑफिसच्या वेळा बदलून घेतल्या. धाकटीने महिन्यातला एक शनिवार-रविवार, रात्रीसकट. मुलाने सगळी कागदपत्रं: विमा, बँक, दोघांच्याही डॉक्टरांच्या वेळा, औषधं घरपोच मागवणं. हे दुरून होतं आणि काकूंना सर्वांत जास्त कंटाळा त्याचाच होता.

मुलाने आणखी एक ओळ उचलली. दिवस कलला की काका अस्वस्थ होत. स्मृतिभ्रंशात ही संध्याकाळची घालमेल बऱ्याच जणांना होते. त्या वेळी मुलाने रोज व्हिडिओ कॉलवर यायचं. सुरुवातीला तो “बाबा, मी तुमचा मुलगा” हे पटवत बसला आणि काका चिडले. काकांना तो ऑफिसातला जुना सहकारी वाटत होता. आईने सांगितलं, “वाटू दे.” मग तो सहकारी झाला. पुलाच्या कामाचं काय झालं, कंत्राटदाराने पुन्हा उशीर केला का, असं दोघांचं चाळीसेक मिनिटं चालतं. मुलगा मला म्हणाला, वडील कामावर कसे होते हे त्याला आत्ता कळतं आहे.

मदत घेणं

वाटलं होतं, आता काकू सुटतील. पहिल्या मंगळवारी थोरली आली, काकू पर्स घेऊन बाहेर पडल्या आणि खालच्या मजल्यावरच्या पायरीवर दोन तास बसून राहिल्या. वर काही आवाज झाला तर ऐकू यावा म्हणून. शेजारच्या बाईंनी पाहिलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

मदत घेणं फुकट नसतं. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २००० साली वकिलीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा आणि त्यांच्या जोडीदारांचा अभ्यास मांडला. ज्या दिवशी जोडीदाराने आधार दिला पण परीक्षार्थ्याला तो आधार म्हणून जाणवला नाही, त्या आधाराचा गुण सर्वांत चांगला आला. मदत मिळते आहे हे जाणवलं की आपण कमी पडतो आहोत हेही जाणवतं. ज्या बाईने पन्नास वर्षं घर चालवलं तिच्यासाठी ही जाणीव बोचरी असते.

त्यात कौतुकाची भर. “किती करतात हो काकू, देवमाणूस!” नातेवाइकांच्या प्रत्येक भेटीत हे ऐकू येई. मला या कौतुकाची चीड आहे. एक तर त्याने बोलणाऱ्याची सुटका होते. आणि देवमाणूस ठरवलेल्या बाईने आज मला नको झालंय असं म्हणायचं तरी कुणाला? काकूंनी ते मला तिसऱ्या भेटीत सांगितलं, दार लावून. एका रात्री त्यांनी काकांवर हात उगारला होता. मारला नाही, पण उगारला, आणि काका लहान मुलासारखे डोक्यावर हात धरून खाली बसले. त्या रात्रीनंतर आपल्याला सुट्टी मागायचा हक्क नाही असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. मी त्यांना सांगितलं की अशा रात्री पुष्कळ घरांत येतात, आणि त्या येऊ नयेत म्हणूनच मंगळवार-शुक्रवार आहेत. दयेपेक्षा सुरक्षिततेचं कारण त्यांना जास्त पटलं.

थोरलीने मग वेगळा डाव टाकला. “आई, माझ्या घरी कुणी नाही, पार्सल यायचंय, तू जाऊन बस.” पार्सल खरोखर मागवलेलं होतं. काकू गेल्या, पार्सल घेतलं आणि तिच्या पलंगावर तीन तास गाढ झोपल्या. आता दर शुक्रवारी पार्सल येतं. दोघींनाही ठाऊक आहे काय चाललंय. बोलत कुणी नाही.

शेजार

इमारतीत काकांचा आजार लपवलेला होता, किंवा लपलाय असं काकूंना वाटत होतं. प्रत्यक्षात पहारेकऱ्याने त्यांना दोनदा फाटकाबाहेरून परत आणलं होतं आणि काकांचा मान राहावा म्हणून घरी सांगितलं नव्हतं. बैठकीत ठरल्याप्रमाणे थोरली चार घरांत जाऊन स्पष्ट बोलली: बाबांना अल्झायमर आहे, ते बाहेर एकटे दिसले तर अडवू नका, सोबत चाला आणि या नंबरावर फोन करा. पहारेकऱ्याला आणि औषधाच्या दुकानात काकांचा फोटो दिला, मनगटात नाव-नंबराची पट्टी घातली. काकूंना वाटणारी लाज यात संपली असं नाही, पण लपवण्याचे कष्ट वाचले.

वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ बुधवारी पत्ते खेळायला येऊ लागले. खेळाचे नियम दर बुधवारी बदलतात आणि जिंकतात बहुधा काका. हे गृहस्थ पत्नी गेल्यापासून एकटे असतात, आणि त्यांच्या मुलीने थोरलीला फोन करून सांगितलं की बाबा बुधवारची वाट पाहतात. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास, म्हणजे ३ लाखांहून अधिक माणसं, एकत्र तपासली. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते त्यांची पाहणीच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. त्या टेबलाशी बसलेल्या दोघांपैकी कोण कोणाला आधार देतो आहे, हे मला सांगता येणार नाही.

जे जमलं नाही

आधारगटाला काकू एकदाच गेल्या. “दुसऱ्यांची रडगाणी ऐकून मला झोप लागली नाही.” मात्र तिथल्या एका बाईंचा नंबर त्यांनी घेतला आणि रात्री पातेलं पडलं की कधीकधी दोघी एकमेकींना मेसेज करतात. परीक्षांच्या दिवसांत धाकटीचे शनिवार लागोपाठ चुकले. थोरलीने ते भरून काढले आणि नंतर महिनाभर ती धाकटीशी धड बोलली नाही. सहा महिन्यांनी झॅरिटचे प्रश्न पुन्हा विचारले. आकडा उतरला, पण पट्टा तोच राहिला, फक्त वरच्या टोकाऐवजी खालचं टोक. ‘आणखी करायला हवं का’ याचं उत्तर अजूनही “नेहमी”.

दुःखाचा भाग कुठल्याही वाटणीत बसला नाही. पॉलिन बॉस या अमेरिकन संशोधिकेने माणूस समोर असूनही मनाने निघून गेलेला असतो अशा वियोगाचा आयुष्यभर अभ्यास केला आहे. त्याला अंत्यविधी नसतो, सांत्वनाला कुणी येत नाही, आणि शोक करावा तर माणूस शेजारी बसलेला. काकू म्हणतात, “ह्यांना माझं नाव येत नाही आता. पण मी खोलीबाहेर गेले की शोधत येतात.” हे सांगताना त्यांचा चेहरा दुःखी होता की सुखी, हे मला दर वेळी वेगळं वाटलं आहे.

आता प्रश्न रात्रीचा आहे. काकांना निवासी शुश्रूषाकेंद्रात ठेवण्याचा विषय मुलाने काढला तेव्हा काकूंनी तो तिथेच बंद केला. शेवटच्या बैठकीत तो वेगळ्या रीतीने घेतला: ठेवायचं की नाही हे आज ठरवायचं नाही, कुठली गोष्ट घडली की पुन्हा बसायचं तेवढं लिहायचं. तीन गोष्टी लिहिल्या गेल्या. काका पडून हाड मोडलं तर. काकूंना उचलून उठवणं झेपेनासं झालं तर. तिसरी काकूंनी स्वतः लिहिली: माझा हात पुन्हा उठला तर. तोवर आठवड्यातल्या दोन रात्रींसाठी प्रशिक्षित सहायक पाहायचा आहे. चौकशी धाकटी करते आहे, कारण रात्रीचं तिला अनुभवाने कळतं. मुलगा म्हणाला, वर्षात महिनाभर तो इथे येऊन राहील आणि तो महिना आईने बहिणीकडे काढावा. थोरलीने वही पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, “कुठला महिना?” रजा बघून सांगतो म्हणाला. त्या ओळीपुढची तारीख अजून कोरी आहे, आणि पुढच्या बैठकीचा पहिला विषय तोच आहे.